हिरडीच्या रंगाची गुहा

"झाकण उघडू नकोस गं. आतलं आत शिजू दे." आईचा हा आवाज तिच्या कानात कधीचा घर करून होता. आई जाऊन कितीतरी वर्षं झाली, ते स्वयंपाकघर गेलं, ती शेगडी गेली, पण आवाज अजून तसाच यायचा. पाठमोऱ्या बाईचा, न बघता सगळं दिसणाऱ्या बाईचा. लहानपणी पातेल्यातली गुडगुड ऐकली की तिचा हात झाकणाकडे जायचाच, आणि हात पोचायच्या आधी आवाज पोचायचा. आईला मागच्या बाजूला डोळे आहेत अशी तिची आणि धाकट्या भावाची खात्री होती. एकदा तर भावानं आईच्या अंबाड्यात बोटं खुपसून ते शोधले होते, आणि आई न रागावता म्हणाली होती, सापडले तर मलाही सांग रे. पुढं ती मोठी झाली, दातांच्या कवळ्या बनवायला शिकली, दुसऱ्यांच्या तोंडांची मापं घेऊन त्यातच रमली, पण झाकणाची खोड काही गेली नाही. प्लास्टर वाळलं की नाही ते नखानं टोकरून बघायची. बंद दाराशी क्षणभर थबकायची. आणि आवाज यायचा, आणि बहुतेक वेळा तो यायला उशीर झालेला असायचा.

आज सकाळी असाच उशिरा आला. ती दात घासत बाहेरच्या खोलीत आली तेव्हा भाऊ रोजच्यासारखा माशांच्या टाकीसमोर स्टुलावर बसला होता. चहाचा कप गुडघ्यावर, नाक काचेला टेकायच्या बेतात, मान किंचित वाकडी, कुणी कानात काही सांगत असल्यासारखी. टाकीतला दिवा लागलेला होता. आणि त्याच्या नाकासमोर, काचेच्या पलीकडे वीतभर अंतरावर, पांढऱ्या वाळूवर अंडी पडली होती. नारिंगी, मण्यांसारखी टपोरी, एकमेकांना चिकटून घोस झालेली. दोनचार सुटी होऊन लांब घरंगळलेली. काल संध्याकाळपर्यंत ती टाकीतल्या गुहेत होती, नर माशाच्या पोटाखाली. आता गुहा रिकामी होती आणि नर लाकडाच्या मागे तोंड खुपसून बसला होता, वर्गाबाहेर काढलेल्या पोरासारखा. ती ब्रश तोंडात धरून उभी राहिली. एवढं भडक संकट समोर मांडून ठेवलेलं, आणि भाऊ चहाचा घोट घेऊन म्हणाला, "आज शांत आहे स्वारी. आतच दिसतेय. अंड्यांना पंखा घालतोय ना गं ताई?"

तोंडात फेस होता म्हणून लगेच बोलावं लागलं नाही. ती बेसिनकडे गेली, चूळ भरली, पुन्हा भरली. नळ उगाच वाहता ठेवला. आणि मग पाण्याच्या आवाजावर आवाज चढवून म्हणाली, "घालतोय."

सुट्टीला म्हणून आला होता तो. दुसऱ्या शहरात बस चालवायचा. संसार कधीच विस्कटलेला, बायको तिच्या वाटेनं गेलेली. एका हातात बॅग, दुसऱ्या हातात झाकणाची बादली, बादलीत दोन मासे. "रजा साठलीय, वाया जाईल," एवढंच म्हणाला. डेपोतल्या विश्रांतीच्या खोलीत कुणीतरी ही जोडी टाकून गेलं होतं, ब्रिसलनोजची, दुकानदार ज्यांना सकर म्हणतात त्यांतली. दिसायला अगदीच कुरूप. चपटे, काळपट, अंगावर ठिपके, तोंड खाली आणि त्या तोंडानं काचेला चिकटून राहायचं. मादी निदान गुळगुळीत होती, नराच्या नाकाडावर मात्र मांसल काटे उगवलेले, फांद्या फुटलेले, दाढी चुकून वर आली असावी तसे. "हे ध्यान तुला कुठं भेटलं?" तिनं विचारलं तर भाऊ म्हणाला, "हसू नकोस. बाप म्हणून याच्यासारखा कुणी नाही. मादी अंडी घालते आणि चालायला लागते. हा मात्र गुहेत बसून राहतो, उपाशी, पंखांनी वारा घालत. पिल्लं पोहायला लागेपर्यंत हलत नाही." मग तिच्याकडे न बघता, "त्यांची पिल्लं झाली की जातो मी. पहिल्या तारखेला हजर व्हायचंय."

पिल्लं होईपर्यंत. तिला ते आवडलं होतं. एकटीचं घर, लग्न तिनं केलं नव्हतं, आणि संध्याकाळी दार उघडल्यावर कुणीतरी "आलीस का" म्हणावं याची सवय मोडून इतका काळ लोटला होता की पहिल्या दिवशी ती दारातच दचकली. मग दोघं त्या माशांच्या मागे लागली. टाकी आणली, लाकडाचा ओंडका आणला, कारण हे मासे लाकूड खरवडून खातात. काकडीच्या चकत्या, उकडलेले मटार, बर्फात गोठवलेल्या लाल अळ्या. अळ्या फ्रीजमध्ये ठेवायला तिनं आधी ठाम नकार दिला आणि मग स्वतःच त्यांच्यासाठी वरचा कप्पा मोकळा केला. "गुहा पाहिजे," भाऊ म्हणाला, "नराच्या अंगाबरोबर. सैल नको. आत शिरलं की पाठ टेकली पाहिजे." अंगाबरोबर म्हटल्यावर तिचे डोळे चमकले. माप घेणं हेच तर तिचं काम. नराला ओल्या फडक्यात धरून तिनं त्याचं माप घेतलं, आणि प्रयोगशाळेत जेवणाच्या सुट्टीत कवळीच्या मसाल्याची एक नळी ओतली, एका टोकाला बंद. उकळून घेतली, वास जाईपर्यंत पाण्यात ठेवली, आतून गुळगुळीत केली. रंग तेवढा बदलता येईना. गुहा झाली हिरडीच्या रंगाची, ओलसर गुलाबी. भावानं ती हातात घेऊन बोटांनी सगळीकडून चाचपली आणि विचारलं, "कशी दिसते?" तिनं रंग सांगितला तेव्हा तो इतका हसला की त्याला ठसका लागला. "अगं ताई, तो बिचारा कुणाच्या तरी तोंडात राहायला जातोय की." "भाडं देत नाही, तर निवड कसली करतो?" ती म्हणाली. तेव्हा तिच्या लक्षात आलं नव्हतं की गुहा त्याच्या हातात होती, आणि दिवसाउजेडी तो तिला रंग विचारत होता.

आता आलं. कामाला निघायला चप्पल घालताना आलं, जिना उतरताना आलं, एक आलं की दुसरं त्याचं बोट धरून आलं. चहा ओतताना कपाच्या काठावर ठेवलेलं त्याचं बोट. "चष्मा वर राहिला, हे वाच जरा," असं म्हणून पुढं केलेली पाकिटं. तो चष्मा कुठल्या वर होता कुणास ठाऊक. भाजीच्या दुकानात ती समोरून आली तरी तो दगडासारखा उभा राहिलेला, आणि तिनं "काय रे" म्हटल्याबरोबर चेहरा उजळलेला. आणि ती वाकडी मान. तिला वाटायचं रुसलाय, तुटक झालाय, समोर बघून बोलत नाही. बघ बघ म्हणून माशांपाशी तिलाच बोलवायचा. "मिशा किती फुटल्या, मोज बघू. मादीचं पोट वरून कसं दिसतं? फुगलंय? कुठल्या बाजूनं?" तिला वाटायचं, शिकवतोय. शिक्षकासारखा प्रश्न विचारतोय, उत्तर त्याला ठाऊकच आहे. मग ती दंतवैद्याचा तो लांब दांड्याचा इवलासा आरसा घेऊन यायची, टाकीत बुडवायची, छोटी बॅटरी धरायची आणि गुहेच्या आतलं सांगायची. आधी दोन शब्दांत, मग रंगवून. तो ऐकायचा, डोळे मिटूनसुद्धा ऐकायचा. गार पाणी घातलं तेव्हा, नदीला वरून नवं पाणी आलंय असं त्यांना वाटावं म्हणून रोज थोडं जुनं काढून गार घालायचे, तेव्हा नरानं मादीला गुहेत कोंडलं आणि दार अडवून बसला. ते सगळं तिनं असं सांगितलं की भाऊ म्हणाला, "ताई, तू कवळ्या कशाला करतेस, रेडिओवर जा." आयुष्यात तिचं बोलणं इतकं मन लावून कुणी ऐकलं नव्हतं. म्हणूनच काल तिनं आरसा दोनदा बुडवला, तिसऱ्यांदाही. म्हणूनच तर नर बिथरला असेल. दर वेळी घरात कुणी दिवा घेऊन डोकावलं तर माणूससुद्धा संसार दाराबाहेर टाकील.

सकाळी अंडी उचलता आली असती. पण उचलायची तर सांगावं लागलं असतं, आणि सांगितलं की तो विचारणार, कुठं आहेत? आणि ती म्हणणार, तुझ्या समोर. ते दोन शब्द तिला घरातून ढकलून बाहेर घेऊन आले. कारण एकदा तिनं असंच विचारलं होतं. त्याचा शाळेचा शेवटचा निकाल होता. घरात सगळ्यांना कळलं होतं, वडिलांना, आईला, शेजाऱ्यांना, आणि सगळ्यांनी जेवताना पाण्याचे, हवेचे, मिठाचे विषय काढले होते. तिनं तेवढं विचारलं, गुंड्या, निकाल लागला ना रे? गुंड्या हे त्याचं घरातलं नाव, शर्टाची गुंडी गिळली होती तेव्हापासूनचं. त्यानं घास खाली ठेवला, हात धुतला, पायात चपला घातल्या. नीट, सावकाश, दुकानात जाऊन येतो अशा बेतानं. आला तो काही वर्षांनी, बसवर क्लीनर होऊन, मिशा फुटलेला, आणि आई तेव्हा त्याला काहीच बोलली नाही, फक्त पातेल्यावरचं झाकण काढून वाफेत तोंड धरून उभी राहिली. तेव्हापासून तीही त्याला काही विचारत नव्हती. बायको का गेली, विचारलं नाही. इतकी रजा कशी साठली, विचारलं नाही. तो घरात आहे ना, हात धुऊन निघाला नाही ना, एवढ्यावर ती भागवत होती. पण पहिली तारीख जवळ आली होती. तो बॅग भरेल, डेपोत जाईल, आणि त्या उंच आसनावर चढून बसेल. आणि मागं माणसं बसतील, भरवशानं, खिडकीला डोकी टेकून झोपतील.

कामाच्या टेबलाशी ती मेणात दात बसवत होती. एका आजोबांची वरची कवळी. पुढचे दात, मग सुळा, मग दाढा. हात आपोआप चालायचे. डॉक्टरीणबाई मागून आल्या, टेबलावर वाकल्या. "हे काय गं? उजवा सुळा डावीकडे बसवलास. आजोबांना घास चावायचाय की घाबरवायचंय?" तिनं बघितलं. खरंच. "नजर कुठं आहे आज तुझी?" बाईंनी विचारलं, सहज, आणि तिच्या हातातला मेण लावायचा चमचा टेबलावर पडला. "बाई, मला घरी जायला हवं." "का, बरं नाही?" "मासे..." "म्हणजे ज्यांच्यासाठी माझा मसाला संपवलास ते?" "अंडी बाहेर पडलीत." बाई सरळ उभ्या राहिल्या. "इतक्या वर्षांत तू कधी सुट्टी मागितली नाहीस, आणि आता मागतेस ती माशाच्या बाळंतपणाला." मग चमचा उचलून तिच्या हातात दिला. "जा. हाही घेऊन जा, चपटा आहे, कामाला येईल. आणि माणसांचं काही असेल तर तेही उरकून ये."

बसमध्ये ती पुढच्या आसनावर बसली, चालकाच्या मागे. एरवी तिनं कधी चालकाकडे बघितलं नव्हतं. आता त्याच्या डोक्यावरच्या आरशात त्याचे डोळे दिसत होते, सारखे हलणारे. उजवीकडे, डावीकडे, पुढं, आरशात, पुन्हा पुढं. एक बाई पिशव्या सावरत रस्ता ओलांडत होती. त्याचा पाय ब्रेकवर आधी गेला, मग बाईनं मान वळवली. कुणाला काही कळलंही नाही. गाडीतली माणसं आपापल्या तंद्रीत हिंदकळली आणि पुन्हा स्थिर झाली. गुंड्या किती सुंदर गाडी चालवायचा. एकदाच ती त्याच्या गाडीत बसली होती, शेवटच्या थांब्यापर्यंत. वळणावर त्यानं चाक असं सोडलं होतं की ते आपणहून त्याच्या तळव्यांखालून फिरत सरळ झालं. तेव्हा तो म्हणाला होता, रस्ता बघायचा नसतो ताई, रस्ता येतो. ती खिडकीबाहेर बघत राहिली. दुकानांच्या पाट्या येत होत्या, माणसं येत होती, जात होती. पाणी गार करा, पाणी बदला, गुहा बांधा, दार अरुंद ठेवा. एवढं सगळं केलं तेव्हा कुठं एक मासा निवांत आत शिरला. आणि भाऊ आत शिरून बसला होता तर आपण त्याला काही न विचारता पहिली तारीख येईपर्यंत बसू दिलं.

दार उघडलं तर तो तिथंच होता, स्टुलावर. "आलीस का? इतक्यात?" "आले." तिनं पर्स ठेवली. अंडी होती. घोस तसाच होता, रंग उतरला नव्हता. सुट्यांपैकी दोन पांढरी पडली होती. मादी पलीकडे काचेला चिकटून बसली होती, जगाशी देणंघेणं नसल्यासारखी. "गुंड्या," ती म्हणाली, "हात धू आणि बाह्या वर कर. मला तुझे हात हवेत." "काय झालं?" "त्यानं अंडी बाहेर टाकलीत." कुठं, असं त्यानं विचारलं नाही. तो उठला, भिंतीला बोटं लावत बेसिनपर्यंत गेला, हात धुतले. ती त्या धुतलेल्या हातांकडे बघत राहिली, आणि ते चपलांकडे न जाता टाकीकडे परत आले तेव्हा कुठं तिनं पर्समधला चमचा काढला.

"पहिलटकर आहे," तो म्हणाला. "पहिल्या खेपेला घाबरतात. परत आत ठेवली तर घेतो कधीकधी. गुहेचं तोंड जरा वर करायचं, म्हणजे अंडी घरंगळत नाहीत. मी गुहा धरतो, तू अंडी सरकव." त्यानं हात पाण्यात घातला. पाणी गार होतं. त्याच्या दंडावर काटा आला. बोटांनी लाकूड लागलं, लाकडावरून गुहा लागली, आणि एकदा गुहा लागल्यावर त्याचे हात जाणते झाले. त्यानं ती उचलली, तोंड वर केलं. पण घोस होता त्याच्या उलट बाजूला. "इकडं आण," ती म्हणाली. त्यानं उजवीकडे नेली. "नाही रे, डावीकडे. अजून. थोडी खाली." आणि पुढचं तिच्या तोंडून आपोआप आलं, बस मागं घेताना क्लीनर गाडीच्या पाठीवर थापा मारत म्हणतात तसं, तो स्वतः एकेकाळी म्हणायचा तसं. "येऊ दे. येऊ दे. येऊ दे... बास."

गुहा थांबली. अगदी घोसाच्या काठावर. त्याचा हातही थांबला, आणि तोही. तो हसला नाही. पाण्यावरची हलती रेघ त्याच्या मनगटाभोवती वर गेली, खाली आली. तिनं चपटा चमचा वाळूत अलगद सरकवला, घोस उचलला. हलका होता, काहीच नसल्यासारखा. गुहेच्या तोंडाशी नेऊन तिनं चमचा कलता केला आणि घोस आत उतरला, गुलाबी तळाशी जाऊन बसला. "गेली," ती म्हणाली. त्यानं गुहा तशीच तोल सांभाळून ओंडक्याला टेकवली. दोघांचे हात पाण्यातच राहिले. थोड्या वेळानं लाकडामागून ते काटेरी नाकाड बाहेर आलं.

"आला?" भावानं विचारलं.

"आला. दाराशी आहे. वास घेतोय की काय करतोय. आता शिरला. पाठ टेकली त्याची."

"पंखा घालतोय?"

तिनं नीट बघितलं. लांब दांड्याचा आरसा आतल्या खोलीत टांगलेला होता. तिनं तो घेतला नाही. बाहेरून फक्त शेपटीचं टोक दिसत होतं, आणि ते हलत नव्हतं.

"नाही," ती म्हणाली. "अजून नाही. सकाळीही घालत नव्हता. सकाळी मी तुला खोटं सांगितलं. अंडी तेव्हाही बाहेरच होती, तुझ्यासमोर."

खालच्या रस्त्यावर कुणीतरी गाडी मागं घेत होतं, तिचा टूं टूं आवाज येत होता. भावानं हात पाण्याबाहेर काढले, पुसले नाहीत. कोपरांवरून थेंब फरशीवर पडत राहिले. मग तो वळला, म्हणजे मान वाकडी केली आणि तिच्या कानाच्या बाजूला कुठंतरी बघत राहिला.

"मधलं दिसत नाही मला, ताई," तो म्हणाला. "कडा दिसतात. मधोमध धूर असतो. आधी थोडा होता, मी म्हटलं काच पुसायला हवी. मग एकदा सिग्नलवरून निघालो आणि एक म्हातारी गाडीच्या समोर होती, अगदी समोर, आणि माझ्यासाठी ती नव्हतीच. तिनं छत्रीनं गाडीवर मारलं तेव्हा कळलं. काही झालं नाही तिला. शिव्या देऊन गेली. मी गाडी डेपोत लावली आणि रजा टाकली. डॉक्टर म्हणाले, थांबेल, पण गेलेलं परत येणार नाही. मी कुणालाच सांगितलं नाही. वाटलं, सांगितलं की मग उरलंच काय." त्यानं हात शर्टाला पुसले. "पहिल्या तारखेला मी जाणार नाही. डेपोत काय सांगायचं ते तू लिहून दे, मी सही करीन. आणि तू बोलतेस ना, तेव्हा मला तुझे कान दिसतात फक्त. चेहरा मी जुनाच लावून घेतो. तुझा कसा झालाय आता, ते मला ठाऊक नाही."